बदलीवाला ते बेंचवाला: रिकाम्या दिवसाचा पगार कुणाच्या खिशातून?

आज दोन आकडे घेऊन आलोय. पहिला २४०, दुसरा २२५.

२४० हा आकडा मुंबईच्या गिरणीतल्या बदली कामगाराला पाठ असायचा. वर्षभरात एवढे दिवस भरले, की कायद्याच्या नजरेत त्याची एक वर्षाची सलग नोकरी धरली जायची. २२५ हा आकडा मात्र अगदी आत्ताचा. जून २०२५ मध्ये टीसीएसनं नियम लागू केला की प्रत्येक कर्मचाऱ्यानं १२ महिन्यांत किमान २२५ दिवस बिलेबल कामावर असलं पाहिजे. बिलेबल म्हणजे ज्याचं बिल क्लायंटला लावता येतं असं काम. आणि बेंचवर, म्हणजे हाताला प्रोजेक्ट नसताना, वर्षाला फार तर ३५ दिवस.

या दोन आकड्यांमध्ये सत्तरेक वर्षांचं अंतर आहे. एक कापसाच्या धंद्यातला, दुसरा कोडच्या. पण दोघांच्या पोटात प्रश्न एकच: ज्या दिवशी काम नाही, त्या दिवसाचे पैसे कुणाच्या खिशातून जाणार?

हा विषय का घेतला सांगतो. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, राहायला उत्तनला. उत्तन नाक्यापासून भाईंदर स्टेशनपर्यंतच्या बसमध्ये तुमचे मेसेज वाचत जातो. त्यातले निम्मे साधारण असे असतात: 'दादा, अशी नोकरी कुठे मिळेल जी टिकेल पण आणि जिच्यात आपलं काहीतरी होईल पण?' याला इंटरनेटवर ठरलेलं उत्तर मिळतं. ही लँग्वेज शीक, तो कोर्स कर, एवढे प्रॉब्लेम सोडव. ते करायचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नोकरी टिकणार की नाही हे जावा आणि पायथन ठरवत नाहीत. ते ठरतं धंदा मंदावल्यावर नुकसान कुणी सोसायचं यावर. आणि मुंबईनं हा हिशोब कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी मांडून ठेवलाय.

चला गिरणीच्या दारात.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची चिमणी दिसत नाही अशी गल्ली उरली नाही. बाहेरून बघणाऱ्याला गिरणीतली नोकरी म्हणजे शहरातली सगळ्यात पक्की नोकरी. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर, महिन्याला पगार. पण दारात रोज सकाळी आणखी एक गर्दी असायची. हे बदलीवाले.

कायम कामगारानं खाडा केला, म्हणजे तो कामावर आला नाही, की त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता बदलीवाला लावायचे. काम तेच, साचा तोच, कसब पण तेच. खाडे कमी झाले तर बदलीवाल्यानं घरी जायचं. त्या दिवसाची मजुरी शून्य. बरं, दारातल्या शंभरातून कुणाला आत घ्यायचं हे बराच काळ जॉबर ठरवायचा. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. तोच माणसं आणणार, तोच कामाला लावणार, आणि त्याबद्दल दस्तुरी घेणार. १९३१ सालच्या रॉयल कमिशनच्या कामगारविषयक अहवालात या जॉबरच्या सत्तेबद्दल भरपूर लिहिलंय. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीमालक संघानं जॉबरला लगाम घालायला बदली कार्डं काढली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना कार्ड द्यायचं, आणि त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं. जॉबरची मनमानी थोडी आटोक्यात आली. रिकाम्या दिवसाचा पगार मात्र कार्डावर नव्हता.

इथे एक मिनिट थांबूया, कारण गंमत इथेच आहे. बदली पद्धत ही काही ढिसाळ कारभारातून आलेली नव्हती. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांचं १९९४ सालचं मुंबईच्या गिरण्यांवरचं पुस्तक हे नीट दाखवतं. कापडाचा बाजार वरखाली व्हायचा, त्यामुळे मालकांना लागेल तेव्हा वाढवता येईल आणि नको तेव्हा कमी करता येईल असं मनुष्यबळ हवं होतं. शिकलेला, साचा चालवता येणारा माणूस दारात उभा, आणि तो उभा राहण्याचा खर्च गिरणीला शून्य. मग तो खर्च कोण करत होतं? त्याचं कोकणातलं किंवा घाटावरचं घर करत होतं. खाणावळवाली बाई करत होती, जी महिनाअखेरीपर्यंत उधारीवर जेवू घालायची. मुंबईच्या कापडउद्योगाचा रिझर्व्ह स्टाफ कोकणातल्या भाताच्या खाचरांवर आणि लालबागच्या खाणावळींवर पोसला गेला, असं मी म्हणेन.

आता कायदा. १९४७ साली औद्योगिक विवाद कायदा आला आणि १९५३ साली त्यात ले-ऑफची भरपाई घातली गेली. हा शब्द नीट ऐका. आज आपण 'लेऑफ झाला' म्हणतो तेव्हा माणूस नोकरीवरून गेला असं समजतो. कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम बंद. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, मशीन बिघडलं, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. पण नाव हजेरीपटावर कायम. अशा दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याच्या निम्मे पैसे मालकानं द्यायचे. माणसाला कायमचं काढून टाकण्याला कायद्यात वेगळा शब्द आहे, त्याला आपण मराठीत छाटणी किंवा कामगार कपात म्हणतो. म्हणजे आपल्या लिंक्डइनवर जे चालतं ते कायद्याच्या भाषेत लेऑफ नाहीच, छाटणी आहे. शब्द मऊ झाला एवढंच.

आणि या भरपाईतून एकाला स्पष्टपणे वगळलं होतं: बदली कामगार. ज्याला रिकाम्या दिवसाची झळ सगळ्यात जास्त, त्यालाच नाही. फक्त त्यानं २४० दिवस भरून एक वर्षाची सलग सेवा दाखवली, तर या कलमापुरता तो बदली धरला जायचा नाही. म्हणून तो आकडा पाठ. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीच्या जोडीला बदलीवाल्यांना कायम करा ही पण मागणी होती. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. संप रीतसर मिटलाच नाही, आणि गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि ऑफिसं उभी राहिली.

गिरणगाव असं विझत असताना याच शहरात दुसरी नोकरी जन्माला येत होती.

टाटांनी १९६८ साली टीसीएस सुरू केली. सुरुवातीचं काम टाटांच्याच कंपन्यांचे हिशोब मशीनवर घेण्याचं होतं. १९६९ साली फकीरचंद कोहली टाटा इलेक्ट्रिकमधून तिथे आले. १९७४ मध्ये कंपनीनं बरोज कंपनीचं मशीन आणलं. तेव्हा परदेशी कॉम्प्युटर आणायचा म्हणजे परकीय चलन खर्च होणार, म्हणून सरकारची अट असायची की त्या बदल्यात निर्यात करून चलन आणून द्या. मग निर्यात काय करायचं? माणसांची बुद्धी. पहिलं काम होतं हॉस्पिटलच्या हिशोबाचा एक प्रोग्रॅम बरोजच्या एका प्रकारच्या मशीनवरून दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर नेण्याचं. आपल्या सगळ्या धंद्याचं मूळ हे असं आहे: मशीन परवडावं म्हणून कोड विकला.

१९७३ साली अंधेरीत सीप्झ सुरू झालं. सत्तरीच्या अखेरीला तिथे टाटा बरोजसारखी कंपनी आली. १९७८ मध्ये आयबीएमनं भारतातला गाशा गुंडाळला. १९८१ साली पटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी यांनी पुण्यात इन्फोसिस काढली. या काळात सॉफ्टवेअरवाला म्हणजे मुख्यतः विमानात बसणारा माणूस. क्लायंट अमेरिकेत, मशीन अमेरिकेत, म्हणून माणूसही तिकडे. बाहेरून याला बॉडी शॉपिंग म्हणून हिणवायचे. काम मिळालं की माणूस पाठवायचा, असा सरळ हिशोब.

इथे जाता जाता बँका आणि विमा. साठच्या दशकात एलआयसीनं कॉम्प्युटर आणायचं ठरवल्यावर कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. पुढे ऑटोमेशनचा अभ्यास करायला केंद्र सरकारनं जी समिती नेमली तिचे अध्यक्ष आपले पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. बँकांमध्ये १९८३ साली व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात मशीन आणण्याबद्दल करार झाला, आणि कॉम्प्युटर टप्प्याटप्प्यानं आले. त्या विरोधाची आज थट्टा होते, 'बघा, तेव्हा कॉम्प्युटरला घाबरत होते' वगैरे. मला ती थट्टा पटत नाही. टेबलावर बसून घासाघीस झाली म्हणून काउंटरमागच्या क्लार्कची नोकरी शाबूत राहिली. एआय आल्यापासून आपल्यातला किती जणांच्या बाजूनं कुणी टेबलावर बसलंय?

बरं, पुन्हा आपल्या धंद्यात. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली, उपग्रहाच्या लिंक मिळू लागल्या, आणि काम इकडे बसून करणं शक्य झालं. मग वायटूके आलं. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये वर्षासाठी दोनच आकडे ठेवलेले, ते २००० च्या आधी बदलायला हवेत. क्लायंट फोन करून म्हणणार, दोन आठवड्यांत पन्नास माणसं द्या. जी कंपनी देऊ शकेल तिला काम. पण दोन आठवड्यांत पन्नास माणसं येणार कुठून? आधीच भरती करून, शिकवून, पगार देऊन बसवलेली असली तरच.

तीच बेंच. म्हणजे गिरणीच्या दारातली गर्दी आता एसी ऑफिसच्या आत बसली. कारण तेच आहे: मागणी वरखाली होते म्हणून शिकलेला माणूस हाताशी हवा. फरक फक्त खिशाचा. गिरणीनं बदलीवाल्याला फुकट उभं केलं होतं, सॉफ्टवेअर कंपनीनं बेंचवाल्याला पगार देऊन बसवलं. आपल्या आईवडिलांच्या पिढीनं आयटी म्हणजे सुरक्षित नोकरी असं जे डोक्यात घेतलं, त्यामागे मोठा हात या एका व्यवस्थेचा आहे. प्रोजेक्ट गेला तरी एक तारखेला मेसेज यायचा.

मीसुद्धा बेंच बघितलीय, एका कंपनीत, नाव घेत नाही. कॅन्टीनचा मेनू तोंडपाठ होतो आणि रिसोर्स मॅनेजरच्या फोनची रिंगटोन स्वप्नात येते. पण खात्यात पगार येतो, आणि त्यानं बराच फरक पडतो.

हे काही सगळीकडे असं नव्हतं. शियांग बियाओ या मानववंशशास्त्रज्ञानं हैदराबाद आणि सिडनीमधल्या बॉडी शॉपचा अभ्यास केला, २००७ साली त्याचं पुस्तक आलं. तिथे छोटे एजंट आपल्या तेलुगू पोरांना व्हिसावर न्यायचे, आणि काम मिळेपर्यंत बिनपगारी बसवून ठेवायचे. अमेरिकेत हा प्रकार इतका वाढला की १९९८ च्या कायद्यानं एच-वन-बीवाल्याला काम नाही म्हणून बिनपगारी बसवायला बंदी घातली. कंपनीकडे प्रोजेक्ट नाही हा कंपनीचा प्रश्न, पगार द्या. म्हणजे बघा, आयटीतही बदलीवाला होताच. जिथे कायदा आला तिथे त्याचा बेंचवाला झाला.

आमच्या उत्तनला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. उधाणात ओढ जोरात, जाळं भरतं; भांगाच्या दिवसांत ओढ मंद, हाती कमी. आणि १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. होडी ओढून ठेवलेली, बोंबलाच्या वलांड्या रिकाम्या. त्या दिवसांचा भार नाखवा किती उचलणार आणि खलाशी किती, हे आधी ठरतं. कुठे हिस्सा, कुठे बांधलेला पगार, कुठे सीझनआधी दिलेली उचल. रिकामे दिवस येणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. माझ्यासारख्या बीटेकवाल्याला मात्र ऑफर लेटर वाचताना रिकामा दिवस हा शब्द सुचतही नाही. आपण फक्त सीटीसी बघतो.

आणि त्या सीटीसीतच मेख आहे. बेंच हा एक प्रकारचा विमा होता, आणि त्याचा हप्ता आपणच भरत होतो. क्लायंटकडून तुमचे तासाला जे डॉलर येतात आणि तुमच्या हातात जे पडतं, त्या फरकातून ऑफिस, नफा, वरचे साहेब आणि बेंचवरची माणसं असं सगळं निघायचं. टीसीएसच्या 'निंजा' भरतीचा वर्षाला ३.३६ लाखांचा आकडा तुम्ही ऐकला असेल. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचा पगार दहा-बारा वर्षं याच घरात घुटमळत राहिला, महागाई वाढत गेली. लोकांनी तो स्वीकारला, कारण पगार कमी पण नोकरी पक्की.

२२५ आणि ३५ या आकड्यांनी हा सौदा मोडला. बेंचचा पगार अजून मिळतो, पण ३५ दिवसांच्या वर बसलात तर त्याचा परिणाम तुमच्या पगारवाढीवर, परदेशच्या संधीवर आणि नोकरीवरसुद्धा होऊ शकतो. प्रोजेक्ट मिळवण्याची जबाबदारीही मुख्यतः कर्मचाऱ्यावर. विम्याची मुदत कमी झाली, हप्ता तोच राहिला. पुढच्याच महिन्यात, जुलै २०२५ मध्ये, टीसीएसनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. मला कंपनीला खलनायक करायचं नाहीये. क्लायंट पैसे आवळतोय आणि एआय दाखवून भाव पाडून मागतोय, हेही खरंच आहे. पण त्या आवळण्याचा कोणता वाटा कुणाच्या अंगावर आला ते स्वच्छ दिसतंय. बदलीवाल्यानं २४० मोजले ते आत शिरायला. आता २२५ मोजायचे ते आत राहायला.

मग नोकरी शोधणाऱ्यानं काय करायचं? मी ऑफर बघतो तेव्हा आधी हे बघतो की इथे रिकामा दिवस कुणाचा. मोठी सर्व्हिस कंपनी: थोडा कंपनीचा, उरलेला तुमचा. स्टार्टअप: बेंच नाहीच, पैसे आहेत तोवर सगळ्यांना काम, संपले की सगळे एकदम घरी, म्हणून तिथे पगारात तो धोका धरलेला असायला हवा, नाहीतर कशाला जायचं? परदेशी कंपनीचं स्वतःचं इथलं सेंटर, ज्याला जीसीसी म्हणतात: काम घरचंच, बिलाची भानगड नाही, पगार बरा, पण हेड ऑफिसनं एक टीम बंद केली तर त्यात तुमचा काही दोष नसतानाही जाल. आणि थर्ड पार्टी पेरोल. यात बसता एका कंपनीत, पगार दुसरी देते, आणि मधल्या मध्ये कमिशन तिसऱ्याचं. हा सरळ सरळ बदलीवाला आहे, जॉबरसकट. दस्तुरीला आता मार्जिन म्हणतात. सुरुवातीला अनुभव म्हणून घ्यायला हरकत नाही, माझे दोन मित्र तिथूनच पुढे गेले. पण पगार कायमवाल्यापेक्षा जास्त मिळत नसेल तर तो सौदा तोट्याचा आहे, कारण रिकाम्या दिवसाचा धोका पूर्ण तुमचा.

गोरेगावला पूर्वेला हायवेच्या कडेला निर्लॉन नॉलेज पार्क आहे. आमच्या बाजूची बरीच पोरं तिथे कामाला जातात. नावातला निर्लॉन म्हणजे नायलॉनचं सूत काढणारी जुनी कंपनी, त्याच जागेवर तिचा कारखाना होता. कारखाना बंद पडला, आणि दोन हजारच्या दशकात तिथे काचेच्या इमारती चढल्या. आज आत जेपी मॉर्गनसारख्या बँकांची ऑफिसं आहेत. अशा पार्कच्या गेटवर सकाळी नऊला उभं राहिलात तर गळ्यातल्या पट्ट्यांचे रंग बघा. बऱ्याच ठिकाणी कायमवाल्याचा एक असतो, बाहेरच्या कंपनीकडून आलेल्याचा वेगळा. काम तेच, स्क्रीन तीच.

अमेरिकन क्लायंटकडे वर्षाअखेरीला फर्लो नावाचा प्रकार असतो. डिसेंबरमध्ये काही दिवस बाहेरच्या माणसांना सक्तीची सुट्टी, त्याचं बिल लागत नाही. आपल्या आयटी कंपन्या ऑक्टोबर ते डिसेंबरचा निकाल सांगताना दरवर्षी याचा उल्लेख करतात, नफा का घसरला ते सांगायला. तुमची पुढची मुलाखत असेल आणि एचआरनं शेवटी विचारलं, 'तुम्हाला काही विचारायचंय?', तर कंपनीच्या कल्चरबद्दल विचारू नका. विचारा: बेंचवर किती दिवस पूर्ण पगार आहे? त्यानंतर काय होतं? फर्लोचे दिवस माझ्या बिलेबल दिवसांतून वजा होतात का? आणि हे कुठे लिहिलेलं आहे, मला ईमेलवर पाठवाल का?